सरांची लिफ्ट

आमच्या गणित विभागात दरवर्षी विद्यार्थ्यांची भाषणं होतात. विषय कायमचा ठरलेला: गणित आणि प्रत्यक्ष जीवन. गणित हवं ते घ्या, पण शेवटच्या स्लाइडवर ‘दैनंदिन उपयोग’ हवाच, नाहीतर गुण कापतात. त्यामुळे सगळे आधी मनाला येईल ते बोलतात आणि शेवटी जीवनाच्या तोंडावर एक स्लाइड फेकतात. मी मूळ संख्यांवर बोलले आणि शेवटी कुलपाचं चित्र चिकटवलं. कुलपाचा संबंध काय, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझी बोबडीच वळली असती.

यंदा मात्र बक्षीस खरं होतं. शहर वाहतूक कार्यालयाचे मोठे साहेब पाहुणे म्हणून आले होते, आणि एकाला सुट्टीत वेळापत्रक विभागात कामाला घेणार होते. आम्हा बाकीच्यांना मिळालं तरी ठीक, नाही मिळालं तरी ठीक. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचा मात्र त्यात जीव अडकला होता. बस उशिरा आली की आपण वैतागतो. ही बाई ती का उशिरा आली याचं समीकरण मांडते. वर्गात तिला शंकाबाई म्हणतात.

शंकाबाईची चूक एवढीच, की तिने भाषणांचा विषय खरा मानला.

आमच्या इमारतीला लिफ्ट एकच. विभागप्रमुखांची खोली सगळ्यात वर. सरांना ताटकळावं लागू नये म्हणून शिपाईमामा दारात स्टूल अडकवून लिफ्ट वरच धरून ठेवतात. त्यांना दया आली तर ती खाली येते, नाही आली तर आम्ही धापा टाकत जिने चढतो. एरवी सर खाली उतरतात फक्त जेवायला.

पहिलं भाषण सुवर्ण गुणोत्तरावर झालं. वक्त्याने सरांचा फोटो पडद्यावर लावून हनुवटीपासून कपाळापर्यंत रेघा मारल्या आणि सरांचा चेहरा गणिती दृष्ट्या सुंदर असल्याचं सिद्ध केलं. कपाळ नेमकं कुठे संपतं यावर दुमत होऊ शकलं असतं, पण कुणी वाद घातला नाही.

“वा! याला म्हणतात उपयोजन,” सर म्हणाले.

मग शंकाबाई उभी राहिली. कितीतरी दिवस लिफ्टपाशी उभं राहून तिने नोंदी घेतल्या होत्या. तिने आलेख दाखवले, सूत्र मांडलं. लिफ्ट मोकळी सोडली तर सगळ्यांचं थांबणं निम्म्याहून कमी होतं. सरांचं वाढतं, पण एका जांभईएवढं. आणि मग ती शेवटची स्लाइड आली. दैनंदिन उपयोग: स्टूल काढणे.

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. दारातले शिपाईमामा छताकडे बघू लागले. शंकाबाई मात्र अगदी निरागसपणे सरांकडे पाहत होती. शाबासकीची वाट बघत होती ती!

“गणित ठीक आहे,” सर म्हणाले, “पण यात आदर कुठे धरलाय?”

“धरलाय ना, सर. म्हणूनच तर सगळ्यांचा आत्ताचा थांबण्याचा वेळ एवढा जास्त निघाला.”

पहिलं बक्षीस सुवर्ण गुणोत्तराला गेलं. शंकाबाईच्या भाषणावर परीक्षकांचा शेरा होता: विद्यार्थिनीचा कल व्यवहाराकडे नाही, तिने शुद्ध गणिताकडे वळावं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेळापत्रक विभाग गेला, हे शंकाबाईला तेव्हा कळलं.

आम्ही बाहेर आलो तर पाहुणे साहेब लिफ्टचं बटण दाबत उभे. सर चहाची व्यवस्था बघायला लिफ्टने वर गेले होते आणि शिपाईमामांनी सवयीने तिथे स्टूल लावलं होतं.

“तूच ना ती लिफ्टवाली?” साहेब म्हणाले. “तुझं काम पटलं मला. हुशार आहेस. माझ्याकडे येशील?”

मी आनंदाने शंकाबाईचा हात दाबला. तिच्या डोळ्यांत चटकन पाणी आलं.

“वेळापत्रक विभागात, सर?”

“ते बघू नंतर. आमच्याही कार्यालयात एकच लिफ्ट आहे. मी बसतो मधल्या मजल्यावर. ती कुठे उभी ठेवली म्हणजे मला ताबडतोब मिळेल, हे काढून देता येईल तुला?”

माझा हात तिच्या हातातच राहिला. मी साहेबांना खरमरीत काहीतरी सुनावणार होते, पण त्याआधीच शंकाबाईने डोळे पुसले आणि परीक्षेत उत्तर द्यावं तशी सरळ बोलली.

“येईल की, सर. ते तर फारच सोपं. त्यात एकाच माणसाचा विचार करायचा असतो.”

“उत्तम!” साहेब खूश होऊन म्हणाले. “मग सोमवारपासूनच ये.”