हरिकाका माझ्यात बसले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी मोटरबोट आहे. बदलापूरला नदीकाठी, माझा मालक धर्मराज याच्या आंब्याखाली मी बांधलेली असते. रविवारी शहरातली मंडळी मजेसाठी माझ्यात बसतात.

माझं इंजिन रुसलं की धर्मराज विठ्ठलवाडीहून हरिकाकांना बोलावी. काका मूळचे रिक्षांचे मेकॅनिक. प्लग रिक्षाचा, कार्ब्युरेटर मोटरसायकलचा, दोन पिस्टनांपैकी एक भलत्याच इंजिनाचा, असं काहीबाही बसवून ते मला चालू करत. "उल्हासनगरात काय भेटत नाय? कुठलाबी पार्ट घासला की बसतो," असं वर ऐकवत. मी धावू लागले की लोक त्यांची वाहवा करत. माझी थरथर मात्र कुणी मनावर घेतली नाही. मला फार वाईट वाटे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सात माणसं घेऊन मी नदीच्या मधोमध बंद पडले. पाणी बंधाऱ्याकडे ओढत होतं. धर्मराजने जिवाच्या आकांताने वल्ही मारून मला काठाला आणलं. त्या सातांत त्याची लेक माधवीही होती.

"काका, बास झालं. पुढच्या सोमवारी भंगारवाला येतोय," तो म्हणाला.

काकांचं तोंड उतरलं. "तवर मला दे. चूक मी केली, मीच निस्तरणार."

त्यांनी इंजिन उघडलं आणि दोन्ही पिस्टन थेट सोनाराच्या काट्यावर नेऊन ठेवले. एक वीस ग्रॅम जड निघाला; माझी थरथर त्यातूनच येत होती. सोनार म्हणाला, "एवढ्या फरकात माझं दुकान बंद झालं असतं."

मग काकांनी उल्हासनगरचा बाजार पालथा घातला. "साईं, सेम टू सेम है," असं प्रत्येक सिंधी दुकानदार सांगे.

"सेम नको. तोच पायजे," काका म्हणत आणि पुढच्या दुकानात शिरत. पाचव्या दिवशी मुंबईहून माझ्याच कंपनीचे सगळे भाग मिळाले. काकांनी आपल्या हाताने बसवलेलं एकूण एक उपरं सामान आपल्या हातानेच काढलं.

रविवारी दोरीच्या एकाच ओढीत इंजिन सुरू झालं. धर्मराजने माझ्यातल्या बसायच्या फळीकडे बोट दाखवलं. "आधी तुम्ही बसा, काका."

बारा वर्षं मला दुरुस्त करणारे काका माझ्यात एकदाही बसले नव्हते. त्यांना पोहता येत नाही. त्यांनी चपला काढल्या, मला हात लावून नमस्कार केला आणि फळी घट्ट धरून बसले.

"मधोमध घे," ते म्हणाले. "जिथं बंद पडली, तिथंच."

मी थरथरले नाही. मधोमध पोचल्यावर काकांनी फळीवरची पकड सैल केली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. दुसऱ्यासाठी काही दुरुस्त कराल, तर त्यात आधी स्वतः बसून बघा.