न उचललेली करंगळी

मधूकाकांची गिटार मी सुरात लावली, ही माझी चूक. एरवी माझ्या चुका निमूटपणे घडतात आणि निमूटपणे पचतात. ही मात्र सहा तारांवर वाजली, आणि जिने ती ऐकायला नको होती तिनेच ती सर्वांत आधी ऐकली.

हेस्टिंग्जमधल्या आमच्या जुन्या इमारतीत काका-काकू पहिल्या मजल्यावर, आणि बँकेने बदली करून कोलकात्यात आणून टाकलेला मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. कार्तिक लागला की इथली संध्याकाळ डोळ्यांआधी नाकाला कळते. आपल्या सातवीणीला इथे छातिम म्हणतात. तिच्या फुलांचा जड, काहीसा मादक आणि काहीसा चितेजवळच्या धुपासारखा गंध जिन्याने वर चढतो. फोर्ट विल्यमच्या बाजूच्या मैदानावर धुकं गुडघाभर साचतं, हावड्याकडे निघालेल्या लाँचचा भोंगा नदीवरून ओला होऊन येतो, घराघरांतून शंख फुंकले जातात. आणि हे सारे ध्वनी विरत असताना खालच्या मजल्यावरून गिटारचा एक कॉर्ड, साऱ्या तारांचा एकत्र सूर, उमटायचा. एकदाच. पाण्यात सोडलेला दिवा काठापासून दूर जावा तसा तो हळूहळू लांब जायचा, आणि विझला केव्हा ते कळायचं नाही.

गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाचा एक लाडका कॉर्ड असतो, आणि तो त्याला स्वतःला ठाऊक असतोच असं नाही. एस्प्लनेडमागच्या वाद्यांच्या दुकानात थोडा वेळ उभं राहावं आणि नवी गिटार मांडीवर घेणाऱ्याचा हात आधी कुठे जातो ते पाहावं. कुणी जी मेजर लावतो, दार सताड उघडून पाहुण्याला आत घ्यावं तसा. कुणी एफ दाबतो, केवळ आपल्याला तो दाबता येतो हे दुकानदाराला दिसावं म्हणून. माझा कॉर्ड ई मायनर. त्याला दोनच बोटं लागतात, आणि वाजवताना चेहरा जरा पडका ठेवला की ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाने आयुष्यात फार सोसलेलं आहे. प्रत्यक्षात उरलेल्या दोन बोटांचं काय करायचं हे न कळल्याची ती व्यथा असते.

काकांचा लाडका कॉर्ड डी. पण निव्वळ डी नव्हे, करंगळी ठेवलेला डी. ही करंगळी ठेवायची रीत गिटारवाल्या सर्वांनाच ठाऊक असते: ती ठेवली की स्वर हवेत लटकतो, उचलली की घरी परततो, आणि ऐकणाऱ्याचा अडकलेला श्वास सुटतो. काका ती ठेवत, आणि उचलतच नसत. तरुणपणी कचेरी सुटल्यावर ते हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवायचे, तेव्हा मागून ड्रमवाला कळवळून ओरडायचा, "मोधुदा, आंगुल तोलो!" बोट उचला हो! काका हसायचे. आम्हां गाणं ऐकणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर त्या कॉर्डमध्ये षड्ज होता, पंचम होता, मध्यम होता, आणि नेमका गंधार नव्हता. स्वराने हसावं की रडावं हे ज्याने ठरवायचं, तोच गैरहजर. म्हणून तो आनंदीही वाटायचा नाही आणि दुःखीही नाही. स्टेशनवर सामान घेऊन शांतपणे उभ्या राहिलेल्या माणसासारखा वाटायचा.

काकाही तसेच होते. उंच, किंचित पुढे झुकलेले, बोलताना वाक्य शेवटच्या शब्दापाशी आणून तिथेच ठेवून देणारे. "कोलकाता म्हणजे कसं आहे..." असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत, आणि पुढचं आपण समजून घ्यायचं. दुपारचं तिरपं ऊन त्यांच्या कानाच्या पाळीतून आरपार जाई, तेव्हा सगळा माणूसच पातळ काचेचा असल्यासारखा दिसे. काकूंचं याच्या नेमकं उलट. त्यांचं वाक्य पूर्णविरामापासून सुरू होतं. लग्न होऊन साताऱ्याहून आल्या त्या इथल्याच झाल्या. मासळीबाजारात बंगालीत भांडतात आणि दुखलं-खुपलं की मराठीत विव्हळतात.

शेवटच्या वर्षात काकांच्या डाव्या हाताने असहकार पुकारला. बोटं तारेपर्यंत जात आणि तिथे पोचून कशाला आलो ते विसरत. तरीही तिन्हीसांजेला तो कॉर्ड यायचाच. मी जिन्यात थबकून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, काय जिद्द आहे! जिद्द होतीच, पण ती खुंट्यांमध्ये होती, हे मला कुठे ठाऊक?

काका गेले ते थंडी सुरू होताना. आणि तेराव्यानंतरच्या एका संध्याकाळी मी गॅलरीत उभा असताना खालून तोच कॉर्ड उमटला. तेच षड्ज-पंचम, तीच अधांतरी थांबलेली करंगळी. मी बँकेचा अधिकारी. भुताखेतांवर विश्वास ठेवणं मला पदाच्या दृष्टीने शोभत नाही, म्हणून मी कानांनाच दोष दिला. कानांना सवय लागते, ते गेलेल्या माणसाचेही आवाज काढतात, अशी स्वतःची समजूत घातली. पण दुसऱ्या दिवशीही तो आला, तिसऱ्याही. रोज दिवेलागणीला मी गॅलरीचं दार लावून आत जाऊ लागलो, आणि दाराला कान लावून उभा राहू लागलो.

मग एका रविवारी दुपारी काकूंनी चहाला बोलावलं. त्या स्वयंपाकघरात, मी बैठकीत, समोर दिवाणावर गिटार. अशा वेळी शहाणा माणूस वर्तमानपत्र वाचतो. मी एकेक तार छेडून पाहिली. फोनवरच्या ट्यूनरने तत्काळ सांगितलं की तीन तारा उतरल्या आहेत. माझा जीव कळवळला. धनी गेला तशी बिचारीने मान टाकली, असं काहीसं अलंकारिकही मनात आलं. आलं किसल्याचा वास येईपर्यंत मी त्या चढवून सहाही तारांना फोनवर हिरवा दिवा मिळवून दिला होता, आणि कृतकृत्य होऊन दोन बोटांचं माझं दुःखही एकवार वाजवून घेतलं. चहा उत्तम झाला होता.

त्या संध्याकाळी शंख वाजले, आणि खालून एक उथळ, उघडावाघडा आवाज आला. पुन्हा आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग जिन्यातून हाक आली, "अरे, आहेस का वर? खाली ये."

काकू दिवाणावर बसल्या होत्या, गिटार मांडीवर आडवी, लेकराला घ्यावं तशी. निरांजनाच्या उजेडात त्यांच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तू हिला काही केलंस?"

"सुरात लावली, काकू."

"बोटं चालेनाशी झाली तेव्हा त्यांनी ताराच तशा लावून ठेवल्या होत्या," त्या म्हणाल्या. "काही दाबायचं नाही. नुसता अंगठा फिरवायचा. मला कुठे वाजवता येतं? पण अंगठा फिरवता येतो."

तेव्हा मला समजलं की गेले कित्येक दिवस मी ज्याला भूत समजत होतो ते साताऱ्याचं होतं, आणि हयात होतं. आणि जे खरोखर उरलेलं होतं ते मी दुपारी चहाच्या आधी हाकलून दिलं होतं.

मी धावपळ केली. तीन तारा उतरवल्या, नेटवर शोधलं, तसं लावण्याची रीत जगभर प्रसिद्ध आहे असं कळलं, फोनने सहा वेळा हिरवा होऊन संमती दिली. काकूंनी अंगठा फिरवला आणि मान हलवली. "हे नाही. हे धुतल्यासारखं आहे." काकांनी फोनच्या नव्हे, स्वतःच्या कानाने लावलं होतं, कुठलीतरी तार केसभर उतरलेली होती आणि सगळा माणूस त्या केसभर अंतरात राहत होता. मी एक खुंटी जरा ढिली केली. "नाही." दुसरी. "नाही रे." चौथ्या तारेवर त्या थबकल्या. डोळे मिटले. मी आशेने आणखी एक वळसा दिला, आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. तू वाजवतोयस ते कानात शिरतंय, आणि त्यांचं बाहेर चाललंय. आता नको."

त्यानंतर मला गिटारच्या जवळ फिरकायची बंदी झाली. पण वर बसून मी ऐकत होतो. आयुष्यभर ज्या खुंट्यांना हात लावला नाही त्या काकू आता स्वतः पिळत होत्या. दिवेलागणीला एखादी तार किंचित कण्हायची, अंगठा फिरायचा, आणि नंतरच्या शांततेत एक म्हातारी बाई आपल्या आठवणीचा नाद दुखावू न देता तपासते आहे, हे मला वर फरशीतूनही जाणवायचं. रोज एकच प्रयत्न. जास्त वाजवलं तर मूळचं पुसलं जाईल, म्हणून एकच. छातिमाची फुलं झडून गेली, धुक्याच्या जागी शिशिराचं कोरडं ऊन आलं, आणि खालचे स्वर कधी जवळ येत, कधी हरवल्यासारखे दूर जात.

काल शंख थांबल्यावर खुंटीचा आवाज आलाच नाही. थेट कॉर्ड आला. तोच होता का? मला तसं वाटलं. पण मी इतके चुकीचे कॉर्ड ऐकले आहेत आणि त्यांतले बरेचसे माझेच आहेत. गेलेला माणूस आपल्यापाशी मूळ रूपात राहत नाही. आपण त्याला रोज थोडा चढवतो, थोडा उतरवतो, आणि एका संध्याकाळी हाच तो, असं म्हणून थांबतो. ते थांबणं सापडण्याचं असतं की थकण्याचं, हे बाहेरून ऐकणाऱ्याला कळत नाही.

मला राहवलं नाही. खाली गेलो, दारातूनच विचारलं, "काकू, मिळाला?"

त्यांनी गिटारवर शालीचा पदर ओढून घेतला.

"मिळाला असला तरी तुला का सांगू? तू परत हात लावशील."