समुद्रावर नेलेला कडीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. सरळ बसा आणि नीट ऐका, कारण मी हे पुन्हा सांगणार नाही. मला वर धरायला जाड कडी आहे, म्हणून मला कडीचा डबा म्हणतात. हल्लीच्या डब्यांसारखा मी साच्यातून पटकन बाहेर पडलेलो नाही. नाशिकच्या तांबट आळीत एका कारागिराने पत्रा ठोकून ठोकून मला घडविले. माझे झाकण तर त्याने असे बसविले की उलटे धरले तरी थेंब सांडू नये. त्या झाकणाचा मला फार अभिमान होता. 'होता' असे म्हणतो आहे, हे ध्यानात ठेवा.

लंकाबाई लग्न होऊन पंचवटीत आल्या, तेव्हा त्यांच्या रुखवतात मी मधोमध मांडलेला होतो. पुढे या घराची एकही सहल माझ्यावाचून झाली नाही. निफाडच्या द्राक्षबागा मी पाहिल्या, गंगापूर धरणाचा काठ पाहिला. दर दिवाळीच्या आधी मुस्तकीम कल्हईवाला दारात भाता लावी आणि मला आतून चांदीसारखा लखलखीत करून देई. "काय डबा आहे!" असे पाहुणे म्हणत, आणि लंकाबाई तो मान स्वतःचाच असल्यासारखा स्वीकारीत.

मग घरात स्टील आले, त्यामागून प्लॅस्टिक आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. माझ्यात तुटकी कुलुपे आणि दिवाळीच्या बंद पडलेल्या विजेच्या माळा भरल्या गेल्या. जेवणाच्या डब्यात कुलुपे! मी संतापाने काळा पडलो. घरच्यांना वाटले, धुळीने.

गेल्या हिवाळ्यात लंकाबाईंनी आणि त्यांच्या दोन मैत्रिणींनी एका दिवसात समुद्रावर जाऊन यायचे ठरविले. सुरय्या आणि गोजराबाई या त्यांच्या कितीतरी वर्षांच्या शेजारणी. गाडी सुरय्याच्या भाच्याची, नईमची. किनारा त्यानेच शोधलेला होता. तिथे हॉटेल नाही, टपरी नाही, माणूसही क्वचितच दिसतो, असे तो म्हणाला.

"मग तिथे प्लॅस्टिकचा तुकडासुद्धा जाणार नाही," लंकाबाईंनी फर्मावले. "कुणीही घरून काही आणायचे नाही. जेवण माझे."

त्यांनी मला माळ्यावरून उतरविले. मुस्तकीमच्या मुलाकडून कल्हई करून घेतली. मी पुन्हा झळकलो. मित्रांनो, त्या रात्री आनंदाने मला झोप आली नाही.

पण त्यांची सून निकिता म्हणाली, "आई, याचं झाकण किती घट्ट बसतंय! हलकासा स्टीलचा घ्या ना."

"या डब्याने मला आजवर दगा दिलेला नाही," लंकाबाई म्हणाल्या. "दिलाच, तर मी स्वतः भांडी बाजारात नेऊन मोडीत घालीन."

मोड म्हणजे काय, ते तुम्हांला ठाऊक नसेल. आमच्यासारख्या भांड्यांना वितळवून टाकतात, त्याला मोड म्हणतात. त्या दिवशी माझा जीवच पणाला लागला होता.

निघायच्या पहाटे लंकाबाई तुपात माखलेल्या दशम्या भाजत होत्या. शेजारी भरली वांगी रटरटत होती. घरचा नियम असा, की दशम्या परातीत पसरून निववायच्या आणि मगच डब्यात भरायच्या. हा नियम त्यांनीच निकिताला शिकविला होता, आणि तोही रागावून. तेवढ्यात खाली नईमने हॉर्न वाजविला. लंकाबाईंनी गरम दशम्या तशाच माझ्यात रचल्या, वर वांग्यांची वाटी ठेवली आणि झाकण हाती घेतले.

"आई, अजून वाफ निघतेय. थोडं निवू द्या."

"मला शिकवू नकोस."

झाकण बसले. वाफ आत कोंडली गेली. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो.

गाडीत बसण्याआधी लंकाबाईंनी गोजराबाईंची पिशवी तपासली. तीतून बिस्किटांचा पुडा आणि वेफर्सची दोन पाकिटे निघाली.

"अगं, साखर कमी झाली तर तोंडात टाकायला," गोजराबाई कळवळून म्हणाल्या.

"डबा आहे ना!" असे म्हणून लंकाबाईंनी ती पाकिटे निकिताच्या हातात दिली.

त्र्यंबकचा रस्ता मागे पडला, जव्हारचे घाट उतरले, आणि उन्हे वर आली तेव्हा आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो. त्या गावाचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितले, तर तुम्ही सगळे जाल आणि पाकिटे न्याल. सुरूच्या झाडांपलीकडे कोरी वाळू होती. खेकड्यांनी वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी काढलेली होती आणि त्यांच्याखेरीज कुणाचीही पावले नव्हती. तिघी मैत्रिणी कपडे सावरून पाण्यात शिरल्या आणि शाळेतल्या मुलींसारख्या किंचाळल्या. सुरय्याने सलवार भिजवून घेतली, तिला नईम रागावला आणि ती त्याच्यावर पाणी उडवून हसली.

मी मात्र ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेला होतो. "उन्हाने वांगी खराब होतील," असा लंकाबाईंचा हुकूम. त्या गार वाळूने आतली वाफ विरली, काठावरचे तूप थिजले आणि बाहेरच्या हवेने माझे झाकण असे दाबून धरले की ते माझ्या अंगाचाच भाग झाले. मला हे सगळे कळत होते. सांगायला तोंड नव्हते, आणि जे तोंड होते ते बंद होते.

भूक लागल्यावर तिघी सुरूच्या सावलीत बसल्या. लंकाबाईंनी झाकण धरले. ते हलले नाही. त्यांनी पदराने धरले. हलले नाही.

"दे इकडे," म्हणत गोजराबाईंनी तळहाताने चहूबाजूंनी थापटले. सुरय्याने ओढणी गुंडाळून पिळून पाहिले.

"खाला, मी बघतो," असे मावशीला म्हणत नईम पाना घेऊन आला. पाना घसरला. मग त्याने दगड उचलला.

"हळू रे, बाबा!" सुरय्या ओरडली. तोवर घाव बसला होता. माझ्या काठाला पोचा पडला आणि झाकण अधिकच अडकले.

"तळ्यात उभं राहावं आणि पाणी पिता येऊ नये, तसं झालंय आपलं," गोजराबाई म्हणाल्या. "माझी बिस्किटं असती तर..."

"बिस्किटांचं नाव काढू नकोस."

"मी नाही काढत. माझं पोट काढतंय."

"काड्यापेटी आहे का कुणाकडे? शेकून बघू," सुरय्याने विचारले. कुणाकडेही नव्हती. "मग निकिताला फोन लाव. ती काहीतरी सांगेल."

"सुनेला विचारून डबा उघडू? मुळीच नाही!" लंकाबाई कडाडल्या.

माझ्या आत दशम्या होत्या. चौघांना पुरून उरतील इतक्या. मी भरलेला होतो, मी तयार होतो, आणि माझ्यासमोर माझी माणसे उपाशी बसली होती. डब्याच्या जन्माला येऊन याहून मोठी नामुष्की ती कोणती?

थोड्या वेळाने पाय मोकळे करायचे निमित्त करून लंकाबाई एकट्याच वाळूच्या उंचवट्यावर गेल्या. तिथे त्यांनी फोन हात उंच करून धरला, खाली घेतला, त्यात काही बोलल्या, पुन्हा उंच धरला. रेंज नव्हती. परत आल्या तेव्हा त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "उद्याच भांडी बाजार."

मला गाडीत मागच्या काचेजवळ टाकले गेले. हो, टाकलेच. नईमने गाणे लावले, सुरय्याने ते बंद करायला लावले.

आम्ही पूर्वेला निघालो होतो, त्यामुळे उतरते ऊन सरळ मागच्या काचेतून माझ्यावर येत होते. माझे अंग तापू लागले. काठावरचे तूप पातळ झाले. गाडी घाट चढू लागली तशी बाहेरची हवा विरळ होत गेली आणि माझ्या छातीवरचा दाब सैल पडत गेला. घाटमाथा जवळ आला, आणि मित्रांनो, मी 'फस्स' करून दिवसभराचा कोंडलेला श्वास सोडला. सगळी गाडी भरल्या वांग्यांच्या वासाने भरून गेली.

नईमने काही न विचारता गाडी बाजूला घेतली.

रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्याच त्यांनी दशम्या खाल्ल्या. पहिल्या घासाला गोजराबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी ते ठेच्यावर ढकलले, आणि ठेचा तर आणलेलाच नव्हता. तेवढ्यात लंकाबाईंचा फोन वाजला. हात तुपाने माखलेले, म्हणून सुरय्याने तो उचलून स्पीकरवर लावला.

"आई, तुमचा निरोप आत्ता मिळाला," निकिताचा आवाज आला. "डबा उघडत नाही, काय करू, असं विचारलंय तुम्ही. काठ थोडा शेकला की उघडेल. भरताना गरम होतं ना, म्हणून झालं ते. आई? जेवलात ना तुम्ही?"

सुरय्याने ओढणी तोंडात कोंबली. गोजराबाई गाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

"जेवतो आहोत," लंकाबाई म्हणाल्या, आणि जरा थांबून, "तू जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाईंनी मला घासले आणि पिशवीत घातले. भांडी बाजारचीच ही पिशवी, असे मला वाटले. पण पिशवी स्वयंपाकघराच्या ओट्यावर थांबली. निकिता ऑफिसच्या घाईत होती.

"हा आता तुझा," लंकाबाई म्हणाल्या.

"मोडीत घालणार होतात ना?"

"मोडीत कोण म्हणालं? काहीतरी ऐकतेस."

मित्रांनो, माझा पोचा अजून कुणी काढलेला नाही. तांबट आळीत न्यायला या घरात कुणालाही सवड नाही, आणि याचा मला रोज राग येतो. म्हणून तुम्हांला बजावून सांगतो. घरातल्या जुन्या भांड्याला माळ्यावर कुलुपांच्या सोबतीला ठेवू नका. त्याला वेळेवर कल्हई करा. ते अडले, तर दगड उचलण्याआधी ते का अडले, याचा विचार करा. आणि त्या कोऱ्या वाळूवर गेलात, तर खेकड्यांची नक्षी जशी असेल तशीच ठेवून या.

निकिता आता रोज दशम्या परातीत पसरते. लंकाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहतात आणि विचारतात, "निवल्या का गं?"

ती 'हो' म्हणेपर्यंत माझे झाकण त्या स्वतःच्या हातात धरून ठेवतात.