मधलं दार

सतीशच्या पोटात आनंदाची बातमी टिकत नाही. दहावीचा निकाल लागला तेव्हा घरी सांगण्याआधी त्यानं तो रिक्षावाल्याला सांगितला होता. त्यामुळे मोठ्या शहराच्या सिटी बस डेपोत जुन्या गाड्यांचा लिलाव झाला आणि एक लाल बस त्याच्या नावावर पडली, तेव्हा कागदावर सही करायच्या आधीच त्यानं सोलापूरला फोन लावला.

"आई, घेतली! लाल हाय. इंजिन ठणठणीत. बेल दाबली की टिंग वाजतंय."

घरात फोन स्पीकरवर होता. बायको संघप्रिया भाकरी थापत होती आणि आई, शालनबाई, खिडकीशी तिच्या चाकाच्या खुर्चीत बसली होती. सतीशनं गाडीचे दिवे सांगितले, काचा सांगितल्या, टायर सांगितले. सांगायचं संपलं, पण आनंद संपेना. मग त्यानं समोर दिसेल ते सांगितलं.

"आन् मधल्या दाराला पाट हाय बघ. ओढला की भाईर येतोय. चाकाची खुर्ची पाटावरनं सरळ आत. आता तुला कुणी उचलायचं न्हाय."

शालनबाई फोनकडे वाकली. मग म्हणाली, "खरं?"

"खरं की!" म्हणून त्यानं फोन ठेवला आणि तो कागदांच्या मागे लागला. त्याच्या लेखी विषय तिथंच संपला.

शालनबाईला चार वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवं अंग गेलं ते गेलंच. पण घरात तिला बसवलं ते लकव्यानं नाही, पुतणीच्या लग्नानं. टेम्पोत चढवायला तिघा बाप्यांनी तिला उचललं, एकानं काखेत हात घालून, दोघांनी पायांना धरून. लुगडं गुडघ्याच्या वर सरकलं, कुणीतरी फिदीफिदी हसलं, आणि शूटिंगवाल्यानं तेवढंही शूटिंगमध्ये घेतलं. त्या दिवसापासून दवाखाना सोडला तर तिनं उंबरा ओलांडला नव्हता. लग्न असो, जयंती असो, "तुमी जावा. मला मोळीगत उचलायचं न्हाय," एवढंच उत्तर. वैरागला तिची थोरली बहीण बजाबाई. तिचे गुडघे गेलेले, तिला सोलापूर झेपत नाही. दोघींची भेट फक्त फोनवर. बजाबाईला ऐकू कमी येतं, म्हणून शालनबाई ओरडून बोलते आणि अख्ख्या गल्लीला दोन्ही घरांची खबर लागते.

त्या दिवशी गल्लीला खबर लागली की शालनबाई वैरागला जाणार. बसनं. खुर्चीत बसून.

याला आणखी एक कारण होतं. या घराची एक रीत होती. सतीशचे वडील धोंडिराम यांनी पहिला तीनचाकी टेम्पो घेतला तेव्हा त्यांनी बायकोला आधी त्यात पाय ठेवायला लावला. "शालनचा पाय लागल्याबिगर गाडी हलायची न्हाय," असं म्हणून ते रस्त्यातच उभे राहिले होते. पुढे प्रत्येक गाडीला तसंच. नारळ, लिंबू या घरात चालत नाही. गाडीला हार घालायचा, त्रिसरण-पंचशील म्हणायचं, पेढे वाटायचे आणि शालनचा पाय. धोंडिराम गेले, पण रीत राहिली. लकव्यानंतर मात्र घरात नवी गाडी आलीच नव्हती.

आता बसचं. सतीशचा धंदा म्हणजे खेड्यापाड्यांतल्या बायांना टॉवेलच्या कारखान्यात न्यायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं. कारखान्यानं यंदा अट घातली होती की सगळ्या बाया एकाच गाडीत आणि प्रत्येकीला बसायला जागा. सिटी बसमध्ये लोक लोंबकळतात, म्हणून तिच्यात सीटा कमी. मग गाडी आदिनाथच्या गॅरेजात गेली. हा आदिनाथ बॉडीचं काम करतो आणि बोलताना गाडीच्या पाठीवर थाप मारतो, बैलाच्या मारावी तशी.

"मधलं दार काडून पत्रा मारला की हितं सहा बाया बसत्यात," तो म्हणाला. "पाटाची जागा भी मोकळी. आन् हितं कुणाला लागतोय त्यो पाट?"

सतीशला त्या वेळी आईची आठवण आली नाही असं नाही. आली. लख्ख आली. ती आली नसती तर पुढं त्याला निदान 'विसरलो' असं तरी म्हणता आलं असतं. पण चहाचा घोट गिळेपर्यंत त्याच्या मनानं सगळा हिशेब जुळवून टाकला. आई काय, म्हणते आणि येत नाही. आली तर आपण चौघं आहोतच की उचलायला. वर्षातून एकदा चढणार, त्यासाठी रोजच्या सहा सीटा घालवायच्या?

"कर बंद," तो म्हणाला.

मग त्याला आत कुठंतरी टोचलं. त्यावर त्यानं लगेच मलम शोधलं. "त्या पत्र्यावर आईचं नाव टाक. 'शालन ट्रॅव्हल्स'. मोठ्या अक्षरात, लांबनं दिसलं पायजे." आदिनाथ म्हणाला, "वा, आईवर लई जीव हाय तुमचा." आणि सतीशला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. आपण चांगला मुलगा आहोत असं वाटत तो घरी गेला.

घरी वेगळंच चाललं होतं. शेजारच्या निंगव्वानं शिलाई मशीनचं तेल आणून खुर्चीच्या चाकांना घातलं होतं. संघप्रियानं उंबऱ्यावर एक फळी टाकली होती आणि शालनबाई फळीवरून खुर्ची खाली-वर करायचा सराव करत होती. डाव्या हातानं चाक धरायचं, मागून निंगव्वानं रेटायचं. "सावकाश शालनक्का, बस काय पळून जात न्हाय," निंगव्वा म्हणायची आणि दोघी हसायच्या. कित्येक दिवसांत शालनबाई अशी हसली नव्हती.

सतीशनं हे दारातून पाहिलं. तेव्हाच सांगायचं होतं. पण तो मूग गिळून बसला. जेवताना सांगू म्हणाला, जेवताना आईच म्हणाली, "बजाला सांगितलंय, मधल्या दाराशी हुबी ऱ्हा म्हणून. मी तितनंच उतरणार." मग तो म्हणाला, उद्या सांगू. रोजचा उद्या रोज पुढं गेला आणि वैरागला जायचा रविवार आला.

गल्ली अरुंद, म्हणून बस कोपऱ्यावर मोठ्या रस्त्याला उभी केली. हार घातला होता. ड्रायव्हर सिद्धेश्वरनं बंपरच्या मागं गुपचूप एक लिंबू बांधलं होतं, ते संघप्रियानं पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. गल्लीतल्या बाया पुढच्या दारानं चढून बसल्याही होत्या. बजाबाईनं वैरागला सगळ्यांचा स्वयंपाक सांगून ठेवला होता. सोमवारपासून कारखान्याच्या फेऱ्या सुरू, तेव्हा आजचाच दिवस मोकळा.

शालनबाई आली. पांढरं लुगडं, निळा काठ, केस चापूनचोपून बसवलेले. मागून संघप्रिया खुर्ची ढकलत होती. निंगव्वा बाजूनं चालत होती, वरातीत चालावं तशी. शालनबाईची नजर पुढच्या दाराकडे गेलीच नाही. ते अरुंद, मधोमध लोखंडी दांडा. ती गाडीच्या मध्यावर बघत होती.

खुर्ची थांबली. समोर नवा कोरा लाल पत्रा आणि त्यावर पिवळी अक्षरं. प्रौढांच्या वर्गात शालनबाई थोडं वाचायला शिकली होती. तिनं बोट हवेत फिरवत एकेक अक्षर लावलं. "शा... ल... न." मग तिनं सतीशकडे पाहिलं.

"नाव लई भारी काडलंय रं. दार कुटंय?"

बसच्या खिडक्यांमधून बाया बघत होत्या. सतीशनं सिद्धेश्वरकडे पाहिलं, सिद्धेश्वरनं जमिनीकडे.

"आई, ते... सीटा कमी पडत होत्या. कारखान्याची अट हाय. पर आमी चौघं हाय की. हळूच उचलतो. कुणी बघणार न्हाय."

कुणी बघणार नाही, असं तो खिडकीखिडकीतून बघणाऱ्या बायांसमोर म्हणाला. बोलता बोलताच त्याला ते कळलं आणि कान तापले.

संघप्रिया पुढं आली. "तुमी मला भी सांगितलं न्हाय?" तिचा आवाज बारीक होता, पण तो बसच्या मागच्या सीटपर्यंत गेला असणार. "मी रोज फळी टाकत होते. तुमी रोज बघत होता."

"उद्याच कापून घेतो पत्रा. उद्याच. आदिनाथला आत्ता फोन लावतो."

"आता वरातीमागनं घोडं," संघप्रिया म्हणाली.

शालनबाईनं हात वर केला. ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर सतीशला बरं वाटलं असतं.

"उद्या कशी कापतोस? उद्यापास्नं बायांना न्यायचंय. पोटाची गाडी हाय, ती नडवू नको." मग संघप्रियाला म्हणाली, "पोरी, मला गाडीजवळ घे. अजून जवळ."

खुर्ची पत्र्याला टेकली. शालनबाईनं वाकून डाव्या हातानं आपला उजवा पाय घोट्याशी धरला. तो पाय कधीच मेला होता, तिनं तो सामान उचलावं तसा उचलला. एकदा निसटला. सतीश मदतीला पुढं आला तशी ती म्हणाली, "तू हात लावू नको." दुसऱ्यांदा तिनं तो वर आणला आणि तळवा पत्र्यावर टेकवला, आपल्या नावाच्या खाली. क्षणभर धरला आणि सोडला. नव्या लाल रंगावर धुळीचं पाऊल उमटलं.

"लागला पाय," ती म्हणाली. "जावा आता. बजा सैपाक करून बसली आसंल."

संघप्रियानं खुर्ची वळवली. निंगव्वा बसमध्ये चढणार होती, तीही परत फिरली. तिघी गल्लीत शिरल्या, तेव्हा सिद्धेश्वरनं इंजिन चालू केलं.

सतीश त्या सहा नव्या सीटांपैकी एकीवर बसला, कारण दुसरी जागाच नव्हती. त्याच्या शेजारची बाई उठून पुढं जाऊन उभी राहिली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोलापूर मागं पडलं, ज्वारीची रानं लागली, बायांनी गाणी म्हणायची ठरवली होती ती कुणी म्हटली नाहीत. एकदा कुणीतरी चुकून बेल दाबली. टिंग वाजलं. सिद्धेश्वरनं गाडी थांबवली आणि मागं वळून पाहिलं. कुणालाच उतरायचं नव्हतं.

सगळ्या वाटेत सतीश एकच वाक्य जुळवत होता. 'आईला बरं न्हाय, मावशी. ताप आलाय.' ताप नको, मावशी काळजी करील. पोट बिघडलंय. व्हय, पोट बरं. इतकं झाल्यावरही आपण खोटं जुळवत बसलोय याची त्याला लाज वाटत होती, आणि तरी तो जुळवतच होता.

वैरागला बजाबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, तांब्यावर भाकरीचा तुकडा. बहिणीवरून ओवाळून टाकायला. बस थांबली, पुढचं दार उघडलं, बाया खाली माना घालून उतरू लागल्या. बजाबाईनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती काठी टेकत टेकत गाडीच्या मध्यावर गेली आणि पत्र्यासमोर उभी राहिली.

सतीश उतरून तिच्याजवळ गेला. तिला वाचता येत नव्हतं. पण धुळीचं पाऊल दिसलं.

"आरं, नव्या गाडीवर कुणी पाय लावला ह्यो?" तिनं काठी काखेत धरली आणि पदर पुढं केला.

"पुसू नको मावशी!" तो इतक्या जोरात म्हणाला की ती दचकली. "आईचा हाय."

बजाबाईचा चेहरा उजळला. "शालीचा? मग आलीय की शाली!" तिनं तांब्या नीट धरला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पत्र्याला आणखी जवळ होऊन उभी राहिली. "उघड की रं मग. तिला म्हणावं, मी हितंच हाय, मधल्या दाराशी."

पोट बिघडल्याचं वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. ते बाहेर आलं नाही.

"ते दार उघडत न्हाय, मावशी," तो हळू म्हणाला. "मीच बंद केलंय. आई घरीच हाय."

बजाबाईनं कानामागं हात नेला. "आँ? काय म्हणलास? मोठ्यानं बोल की."

उतरलेल्या बाया सगळ्या तिथंच उभ्या होत्या. सतीशला ते पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं.