हात वर करायला सांगणारी तबकडी

मी एक तबकडी बोलतेय. लाखेची, काळी, जेवणाच्या ताटलीएवढी. माझ्या काठाचा टवका उडालाय आणि तिथून मधल्या भोकापर्यंत तडा गेलाय. माझ्यावर सुई ठेवलीत तर नुसती खरखर ऐकू येईल. गाणं गेलं. राग मात्र शाबूत आहे, आणि तो सांगायला सुई लागत नाही.

माझ्यात होता तो आवाज रिम्मा सोतनिकोवाचा. रशियात, व्होल्गा नदीकाठच्या एका गावात, ती चौदाव्या वर्षी सूतगिरणीत लागली. यंत्रांच्या घरघराटात शेजारणीशी बोलायचं तरी ओरडावं लागे. तिचा गळा तिथं तयार झाला, कुठल्या संगीतशाळेत नव्हे. आधी ती गिरणीच्या क्लबात गायली, मग शहरात, मग रेडिओवर. पंचविशीत तिचं नाव पोरापोरींच्या तोंडी झालं आणि लगेच बोंब सुरू झाली. ही केस कापते. विजार घालून रंगमंचावर येते. गाताना कंबर हलवते. म्हातारे टीकाकार वर्तमानपत्रांतून तिला निर्लज्ज म्हणत, आणि त्यांचीच नातवंडं माझ्या बहिणी, म्हणजे तिच्या तबकड्या, गादीखाली लपवून ठेवत.

माझ्यावरचं गाणं नाचाचं होतं. “कात्या, हात वर कर. दुन्या, हात वर कर. ग्लाशा, तूही कर, चला नाचू.” एवढंच. गाण्यांना मंजुरी देणाऱ्या सरकारी साहेबांना त्यात वावगं काही दिसलं नाही.

मला विकत घेतलं ते इंद्रभाननं. हा खामगावजवळच्या एका भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला मुलगा. यंत्रविद्या शिकायला सरकारी शिष्यवृत्तीवर तिकडं गेला होता आणि कामाचा अनुभव घ्यायला नेमका रिम्माच्याच गिरणीत आला होता. गिरणीच्या वाढदिवसाला रिम्मा गायला आली. इंद्रभाननं दारातच मला घेतलं आणि पिशवीत घालून तो मागच्या रांगेत बसला. म्हणून पुढचं मी स्वतः ऐकलंय.

शेवटचं गाणं माझं होतं. गाण्याआधी रिम्मा म्हणाली, “कात्या, दुन्या, ग्लाशा इथंच बसल्यात. माझ्याबरोबर कामाला होत्या. आता खरंच हात वर करा, बायांनो.” तिघींनी हात वर केले; ते पाहिलं इंद्रभाननं. एकीला तीन बोटं नव्हती, एकीला दोन. तिसरीचा पंजाच यंत्रानं नेला होता. मग न बोलावता आणखी हात वर झाले. पहिल्या रांगेत गिरणीचे मोठे साहेब बसले होते. टाळी वाजली नाही. रिम्मा गाणं पुरं गायली.

महिन्याभरात ती रेडिओवरून नाहीशी झाली. वर्तमानपत्रांनी पुन्हा केसांवर आणि विजारीवर लिहिलं. हातांवर कोणी ओळ लिहिली नाही.

इंद्रभान परत आला तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन सातएक वर्षं झाली होती. नव्या राज्यात कामकऱ्याचं भलं होणार असं जो तो भाषणात सांगत होता. त्याला खामगावच्या एका जिनात नोकरी लागली. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. सरकी काढणाऱ्या यंत्राला तिथं रेचा म्हणतात. रेच्याच्या रुळांपुढं जाळी नव्हती. कापूस सारता सारता बाईचा हात आत जाई. इंद्रभाननं पहिल्याच महिन्यात जाळीचं चित्र काढलं. शेठजी म्हणाले, पुढच्या हंगामात पाहू. त्यानं चित्राची घडी घातली आणि खणात ठेवली. चार वर्षं शिकून आलेला माणूस, आणि घडी घालायला त्याला चार क्षण लागले नाहीत.

मला त्यानं गावातल्या भारत-रशिया मैत्री मंडळाच्या वाचनालयाला देऊन टाकलं. वाचनालयाचे अध्यक्ष उकंडराव. हेच जिनातल्या कामगारांचे पुढारीही. त्यांनी ग्रामोफोनवर मला रोज संध्याकाळी वाजवायला सुरुवात केली आणि येईल त्याला माझा अर्थ सांगितला. ट्रॅक्टर चालवणाऱ्या बाईचं गाणं आहे, ती पेरणीला निघालीय, म्हणून इतकी खूश. लोक माना डोलवायचे. रशियन येणारा एकटा माणूस, इंद्रभान, शेजारी बसून चहा प्यायचा आणि गप्प राहायचा. अध्यक्षांना खोटं कसं पाडायचं? मी तिथं फिरत होते, माझ्या तोंडून बायकांची नावं जात होती, आणि समोरची मंडळी ट्रॅक्टर बघत होती.

ऐकणाऱ्यांत चांगुणा होती. एकोणीस वर्षांची. तिची आई तानुबाई त्याच जिनात. तानुबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं रेच्यात गेली होती, आणि चार वर्षं ती तो हात पदराखाली ठेवून वावरत होती. त्या हंगामापासून चांगुणाही रेच्यावर बसणार होती. म्हणून ती उकंडरावांकडं जाळीचा अर्ज लिहून मागायला आली होती. ते म्हणाले, शेठजी वाचनालयाला जागा देतात, आत्ता त्यांना दुखवणं बरं दिसत नाही. पोरी, तू गाणं ऐक.

ती ऐकत बसली. चाल तिच्या गळ्यात उतरली.

भाद्रपदात दिल्लीहून मैत्री मंडळाचं पत्र आलं. सोतनिकोवा ही गायिका समाजविरोधी ठरली आहे, तिच्या तबकड्या काढून टाकाव्यात. उकंडरावांनी पत्र दोनदा वाचलं आणि मला कपाटात कोंडलं. काल मी कामकऱ्यांची कोकिळा होते, आज घाण झाले. ना काल त्यांना माझा एक शब्द कळला होता, ना आज. हुकूम आला, तेवढा मात्र बरोबर कळला.

चांगुणानं इंद्रभानला वाचनालयाच्या पायरीवर गाठलं. कपाटातून मला सगळं ऐकू येत होतं.

“दादा, थे तबकडी काऊन बंद केली? काय केलं त्या बाईनं?”

“तिनं बायाइले हात वर कराले सांगितलं.”

“अन्?”

“अन् काही नाही. समोर साहेब बसेल होते.”

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. ती म्हणाली, “अन् तुम्ही रोज इथं चहा पेऊन राह्यले होते.”

बंदी आली नसती तर माझा अर्थ कोणी विचारला नसता. उकंडरावांचा तेवढा उपकार मी मानते.

ते दिवस भुलाबाईचे होते. वऱ्हाडातल्या पोरी महिनाभर घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी डबा वाजवून आतला खाऊ ओळखतात. गाण्यात घरातल्या माणसांची नावं घालायची रीतच आहे. खंडेनवमीला जिनात यंत्रांची पूजा व्हायची, हंगामाचा नारळ फुटायचा, आणि शेठजींच्या बायको दरवर्षी पोरींना अंगणात गायला बोलवायच्या. कोणाला संशय यायचं कारण नव्हतं.

पुढचं मी इंद्रभानच्या तोंडून ऐकलं. रेच्यांना झेंडूच्या माळा होत्या. शेठजी खुर्चीवर, उकंडराव त्यांच्या बाजूला, जिनातल्या बाया मागे भिंतीशी. दोन नेहमीची गाणी झाली. तिसरं चांगुणानं सुरू केलं, माझ्या चालीवर.

“भुलाबाई, भुलाबाई, पाहाले ये वो,
जिनातल्या बायाइचे हात पाह्य वो.
तानुबाई माय वो, हात वर कर,
दोन बोटं राह्यली वो रेच्याच्या दारावर.”

तानुबाईनं हात वर केला नाही. खाली पाहत राहिली. चांगुणानं तीच ओळ पुन्हा म्हटली. मागच्या पोरी गांगरून थांबल्या, एकटीचाच आवाज उरला. उकंडराव उठले आणि म्हणाले, “बस झालं चांगुणे, दुसरं म्हण.” तिनं तिसऱ्यांदा तीच ओळ म्हटली.

तेव्हा तानुबाईचा हात पदराबाहेर आला आणि वर गेला. पुढं जनकाबाईचं नाव आलं, तिचा हात वर. सोजराबाईचा वर. गाण्यात नाव नसलेल्या चौघींचेही वर झाले.

शेठजींच्या बायकोच्या हातातला खाऊचा डबा तसाच राहिला. त्यांनी नवऱ्याला सगळ्यांसमोर विचारलं, “हे आपल्या जिनात झालं?”

शेठजी उकंडरावांकडं पाहत राहिले.

उकंडराव तिथून तडक वाचनालयात आले. कपाट उघडून त्यांनी मला भिंतीवर भिरकावलं. “रशियाची घाण,” म्हणाले. माझा टवका उडाला तो असा. इंद्रभान मागोमाग आला, त्यानं मला उचललं आणि पहिल्यांदाच अध्यक्षांशी वर मान करून बोलला: “भाऊ, थे ट्रॅक्टरचं गाणं नव्हतं.”

खणातल्या जाळीच्या चित्राची घडी उलगडली. आठ दिवसांत सगळ्या रेच्यांना जाळ्या बसल्या. फाटकावर पाटी लागली: शेठजींच्या औदार्याने व उकंडरावांच्या प्रयत्नाने. तानुबाईला आणि चांगुणाला त्या हंगामात कामावर घेतलं नाही. पाटीवर तेही लिहायला हवं होतं.

रिम्माचं काय झालं, मला खरं माहीत नाही. इंद्रभानला तिकडच्या मित्राचं एक पत्र आलं होतं. उत्तरेकडच्या कुठल्याशा लाकूडतोड्यांच्या गावात ती पोरांना गाणं शिकवते म्हणे, केस अजून आखूडच आहेत. नंतर पत्र नाही. इंद्रभानही मोठ्या कारखान्यात नोकरी घेऊन परप्रांतात गेला. जाताना मला चांगुणाच्या हातात ठेवून गेला. जाळ्यांकडं पाहायला मागं कोणाला ठेवून गेला नाही.

आता मी चांगुणाच्या घरी कोनाड्यात असते. तिच्याकडं ग्रामोफोन नाही, आणि असता तरी उपयोग नव्हता. यंदा कापूस जास्त आलाय, हात कमी पडतायत, म्हणून जिनानं तिला बोलावलंय. काल ती बघून आली आणि आईला सांगत होती. जाळीमुळं कापूस सावकाश सरकतो म्हणून मुकादमानं गेल्या हंगामातच जाळ्या काढून ठेवल्या. गोदामामागं गंजत पडल्यात. पाटी मात्र नवी रंगवलीय.

सोमवारी हंगाम सुरू होतोय.

माझी कीव करू नका. मला चिकटवू नका, कुठल्या संग्रहात जपून ठेवू नका. रिम्माच्या नावानं उसासेही टाकू नका. तुम्ही खामगावात असाल तर सोमवारी सकाळी जिनाच्या फाटकाशी उभे राहा आणि जाळ्या कुठं गेल्या ते विचारा. चांगुणा रेच्यावर बसायच्या आत विचारा. मोठ्यानं विचारा, आतपर्यंत ऐकू जायला हवं. मला आता गाता येत नाही.