निलेश सरांचा मोकळा उतार

निलेश सरांनी बर्फ एकदाच पाहिला होता. मनालीला, लग्नानंतर, भाड्याच्या कोटात. तेवढ्या दोन दिवसांच्या जोरावर हा माणूस गेली सहा वर्षं गोरेगाव पूर्वेला, दिंडोशी कोर्टाच्या मागच्या एका इमारतीत, 'हिमनेत्र' नावाची कंपनी चालवत होता. उपग्रहांची चित्रं उतरवून घ्यायची, कुठे किती बर्फ साठलाय, कुठला उतार घसरायच्या बेतात आहे ते पाहायचं, आणि डोंगरात बोगदे खणणाऱ्या कंत्राटदारांना रंगीत नकाशे पाठवायचे, असा धंदा. हिरवा नकाशा म्हणजे बिनधास्त राहा, लाल म्हणजे माणसं हलवा. गिऱ्हाईक यायचं असलं की सर एसी अठरावर लावून अंगात स्वेटर चढवत.

ऑफिसात ही चित्रं वाचणाऱ्या रुचिकाला याचं हसू यायचं. ती मनोरीची. तिची आई मंजुळा मासळी विकायची, आणि अख्ख्या ऑफिसने मिळून जन्मात जेवढा बर्फ पाहिला होता, तेवढा मंजुळाच्या एका थर्माकोलच्या पेटीत रोज दुपारपर्यंत वितळून जायचा. तरी अहवालाच्या पहिल्या पानावर 'हिमतज्ज्ञ' म्हणून फोटो सरांचा, आणि शेवटच्या पानावर 'विश्लेषण व जबाबदारी' या ओळीपुढे नाव रुचिकाचं. वाटणी सरांनीच केली होती.

एप्रिलातल्या एका मंगळवारी एका बोगद्याच्या कामाचा अहवाल चार वाजेपर्यंत द्यायचा होता. उताराच्या पायथ्याशी साठ मजुरांची छावणी. तिथे माणसं ठेवायची की नाही, एवढाच प्रश्न. वर ढग बसलेले, त्यामुळे साधी चित्रं बाद. रडारच्या उपग्रहाला ढगाची अडचण नसते. त्याचं चित्र आलं होतं, आणि त्यात अख्खा उतार काळाकुट्ट होता.

"झकास!" सर म्हणाले. "बर्फ गेला, उतार मोकळा. टाक हिरवा."

"सर, मोकळा नाहीये तो. बर्फ ओला झालाय."

"अगं, पांढरं ते बर्फ, काळं ते दगड. शेंबड्या पोरालाही कळतं."

"त्याला फोटोतलं कळतं. हा फोटो नाही, सर. रडारची लहर दगडावर आपटली की परत येते, उजळ दिसतं. ओल्या बर्फात ती जिरते, म्हणून काळं. सप्टेंबरचं चित्र बघा, तेव्हा खरंच उघडा दगड होता. किती उजळ आहे! आता आतून पाणी सुटलंय. सगळं एकदम खाली येऊ शकतं."

सरांनी सप्टेंबरचं चित्र पाहिलं नाही. त्यांनी नितेशकडे पाहिलं. नितेशचं काम नकाशे रंगवायचं, पण मुख्य कौशल्य मान हलवण्याचं.

"सरांच्या बोलण्यात पॉइंट आहे, यार," नितेश म्हणाला. त्याने स्क्रीनकडे अजून बघितलंही नव्हतं.

रुचिकाने दुसरा पुरावा शोधायला मोबाइल काढला. साइटवरचा सुपरवायझर दशरथ, मूळचा चिपळूणचा, रोज सकाळी छावणीजवळच्या रंगवलेल्या खांबाचा फोटो पाठवायचा. खांब किती बुडालाय त्यावरून बर्फाची खोली कळायची. आजच्या फोटोत मात्र खांब काडीएवढा, आणि मध्ये नदी. तिने जिन्यात जाऊन फोन लावला.

"दशरथदादा, आजचा फोटो एवढा लांबून का?"

"मॅडम, आम्ही कालच नदी ओलांडून अलीकडे आलोय. दुपारपासनं वरनं बर्फाचे गोळे गडगडत येत होते. लाडवाएवढे, मग परातीएवढे. नि खालनं पाणी वाजतंय. तिकडे कोण झोपणार?"

"मग आमचा नकाशा तुम्हाला हवाय कशाला?"

"आम्हाला कुठे हवाय? कंत्राटदार साहेबांना हवाय. आमच्या डोळ्यांना काय दिसतं ते साहेबांना चालत नाही. कागद हिरवा आला तर संध्याकाळी सगळ्यांना परत उताराखाली नेऊन झोपवणार, म्हणालेत. येणार नाही त्याने घरी जायचं. मॅडम, काय येणार आहे कागदावर?"

"बघते," ती म्हणाली, आणि तो शब्द तिला स्वतःलाच फार पांचट वाटला.

आत येऊन तिने सगळं सांगितलं. सर म्हणाले, "मजुरांना काय, कामाला दांडी मारायला निमित्त हवं. कंत्राटदाराचा तीनदा फोन आलाय. हिरवा टाक."

"टाकते," रुचिका म्हणाली. तिने शेवटचं पान उघडलं, आपलं नाव खोडलं, एक ओळ लिहिली आणि पान छापून सरांपुढे ठेवलं. 'चित्रातील काळा भाग ही मोकळी जमीन असल्याची खात्री मी स्वतः केली आहे. निलेश परब, हिमतज्ज्ञ.' "इथे सही करा, सर."

सरांनी पेन उघडलं. ओळ वाचली. पेन बंद केलं.

"माझी कशाला? विश्लेषण तुम्ही लोक करता ना."

"माझं विश्लेषण लाल आहे. हिरवं तुमचं आहे. नाहीतर नितेश करेल. काय रे? तुला पॉइंट दिसला होता ना?"

नितेश खुर्चीतून उठला. "मी जेवलोच नाहीये अजून," म्हणाला, आणि पावणेचारला जेवायला गेला.

सरांनी पहिल्यांदाच सप्टेंबरचं चित्र उघडलं. मोठं केलं, लहान केलं. सहा वर्षांत हिमालयाने त्यांच्याकडून एवढं लक्ष कधी मिळवलं नव्हतं.

"पिवळा टाकू या का?" शेवटी ते हळूच म्हणाले.

"पिवळ्यात माणसं राहतात, सर."

"मग... टाक लाल. आणि तुझंच नाव ठेव हां."

"ठेवते," रुचिका म्हणाली, आणि चारला पाच कमी असताना तिने अहवाल पाठवला. लगेच सरांचा फोन वाजला. "नाही हो साहेब, स्टाफ नवीन आहे, जरा घाबरट आहे," असं पुटपुटत सर पाठ फिरवून खिडकीकडे गेले.

सव्वाचारला दशरथचा मेसेज आला. 'कागद मिळाला. लाल. अलीकडेच राहतोय, तंबू पक्के ठोकतोय.' खाली साहेबांनी हिमनेत्रच्या मालकाला काय काय शिव्या घातल्या तेही त्याने सविस्तर लिहिलं होतं, एकही न गाळता.

सरांचा फोन संपेपर्यंत रुचिका थांबली. मग तिने मेसेज मोठ्याने वाचून दाखवला, सगळा.