हिरवळीसमोरचं घर

"काच फुटली तर आपली आपणच बसवायची," मारित्सा म्हणाली. "चेंडू कुणाचा, ते कुणी कबूल करत नाही."

घरं विकणं हाच जिचा धंदा, ती बाई हे आपणहून सांगत होती, म्हणून लोरेटाला ती बरी वाटली. समोर गोल्फची हिरवळ फ्लोरिडाच्या उन्हात पसरली होती. नवऱ्याला, क्लाइडला, लोरेटाने मागच्या ओसरीतल्या वेताच्या खुर्चीत बसवलं होतं आणि हातात संत्र्याच्या रसाचा पेला दिला होता.

लोरेटाची हयात ओहायोतल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. क्लाइड बस चालवायचा आणि रविवारी गावच्या मैदानावर गोल्फ खेळायचा. संध्याकाळी ती त्याला न्यायला जायची, गाडीतच बसून हॉर्न वाजवायची. म्हातारपणी मैदानाकाठीच घर घेऊ, म्हणजे तुझी खेप वाचेल, असं तो म्हणायचा. हे खूळ डोक्यातून काढ, असं ती म्हणायची.

आता त्याच्या डोक्यातून सगळंच निघून गेलं होतं. वर्षभर तो स्वतःच्याच घराचं दार धडधड वाजवून "मला घरी जायचंय" म्हणत होता. तिला ओळखत नव्हता. दोन वृद्धाश्रमांनी त्याला परत पाठवलं. मग एकदा टीव्हीवर गोल्फ लागलं आणि तो दुपारभर शांत बसला. बुडत्याला काडीचा आधार, तसं लोरेटाने ते धरलं आणि राहतं घर विकायला काढलं. त्यावर मुलगी शेरी फोनवर रडली होती.

"आई, खिडकीबाहेर काय आहे हे उद्या त्यांना कळणारही नाही. नुसत्या देखाव्यापायी तू घर विकतेस?"



न्हाणीघर बघून दोघी परतल्या तेव्हा खुर्ची रिकामी होती. ओसरीचं जाळीचं दार सताड उघडं होतं आणि क्लाइड हिरवळीच्या मधोमध उभा होता. लांबून कुणीतरी ओरडत होतं. एक चेंडू त्याच्यापासून हातभर अंतरावर आदळला. दुखऱ्या गुडघ्यांनी लोरेटा धावली.

ती पोचली तोवर खेळणारे दोघं म्हातारे मैदानावरच्या छोट्या गाडीतून तिथे आले होते. माणूस मेला असता, असं त्यातला एक तिलाच चिडून सांगू लागला. क्लाइडने त्याला अदबीने थांबवलं.

"माझी बायको न्यायला यायची आहे. लोरेटा. निळ्या गाडीतून येते. तुम्हाला दिसली का?"

वर्षभरात तिचं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच येत होतं. लोरेटाने त्याचा हात धरला.

"क्लाइड, मीच लोरेटा. आलेय ना मी."

त्याने हलकेच हात सोडवून घेतला. "माफ करा बाई. ती तुमच्याहून पुष्कळ लहान आहे."

चिडलेल्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि दुसरीकडे बघू लागला.

सावलीत बसून वाट बघू, असं सांगून तिने त्याला परत आणलं. मारित्साचा चेहरा उतरला होता. रस्त्यापलीकडे स्वस्तातली घरं आहेत, समोर नुसती भिंत, पण धोका नाही, असं ती हळूच म्हणाली. लोरेटा स्वयंपाकघरात जाऊन मोरीचा कठडा घट्ट धरून उभी राहिली. तिला त्या निळ्या गाडीतल्या बाईचा हेवा वाटला, आणि रागही आला. कसली घाई होती मेलीला? एक दिवस उतरून कुंपणापर्यंत आली असती तर काय बिघडलं असतं?

शेरीचं म्हणणं खरं होतं. त्याला देखावा नकोच होता. पण ओहायोत तो बंद दारावर डोकं आपटत होता, आणि इथे कुणाची तरी वाट बघत होता.

तिने तोंड धुतलं, केस सारखे केले. पुढच्या दाराने बाहेर पडून ती घराला वळसा घालून गेली आणि हिरवळीच्या बाजूने, उन्हातून, त्याच्याकडे चालत आली. क्लाइड तिच्याकडे टक लावून बघत राहिला. मग तो उठला आणि त्याने जाळीचं दार उघडून धरलं.

"या बाई, फार ऊन आहे. बसा जरा. माझी बायको येईलच इतक्यात."

लोरेटा आत येऊन खांबाजवळच्या दुसऱ्या खुर्चीत टेकली.

"बसते," ती म्हणाली. "थांबू आपण दोघं."

भिंतीसमोरचं घर दाखवू का, असं मारित्साने काचेच्या दाराआडून खुणेनेच विचारलं. लोरेटाने नकारार्थी मान हलवली आणि बसल्या जागेवरून जमिनीकडे बोट दाखवलं. हेच.

क्लाइडने तिच्याकडे पाहिलं. खांबामुळे या बाईंना मैदान नीट दिसत नाहीये, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. तो उठला, आपली खुर्ची थोडी मागे सरकवली आणि तिच्यासाठी जागा करून दिली.